तीन नंबरवरचं लग्न

लोणावळ्याच्या बाजारात मला बरीच वर्षं 'हॅलोवाल्या बाई' म्हणत. माझ्या सासूबाईंना ते मुळीच आवडत नसे. "सून काय करते?" असं कुणी विचारलं की त्या "कंपनीत आहे" एवढंच सांगून विषय मिटवत. वायरलेस म्हटलं की लोकांना पोलीस आठवत आणि पोलीस म्हटलं की पुढचे प्रश्न येत.

मी पोलिसात नव्हते. आमच्या डोंगरात वीज कंपनीची तळी होती, धरणं होती, पाण्याचे दरवाजे होते आणि विजेचे मनोरे थेट घाटाखाली उतरत होते. या सगळ्यावर राबणारी माणसं दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली. त्यांच्यात बोलणं चालू ठेवायचं, हे माझं काम. लागले होते टेलिफोन ऑपरेटर म्हणून. पण वडिलांचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळेत असल्यापासून मी तिथे कथलाचा डाग देऊन तारा सांधायला शिकले होते. एकदा ऑफिसातला बिघडलेला सेट मी गुपचूप उघडून सुरू केला. आमचे इंजिनिअर इनामदार साहेब मागे उभे होते. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "काळोखेबाई, उद्यापासून हे दुरुस्तीचं टेबलही तुमचंच."

सत्तरच्या दशकाच्या मधल्या काळातली ही गोष्ट. दुसरीकडच्या एका प्रकल्पाचं काम संपलं आणि तिथले वापरलेले हातातले वायरलेस सेट आमच्याकडे आले. पेंढ्यात गुंडाळलेले, लाकडी खोक्यातून, आंबे यावेत तसे. वीट हातात धरावी तसे जड आणि कातडी पिशवीत घातलेले. बहुतेक साधे होते, पण त्यातल्या एकावर एक जादा खटका होता. तो कशाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. माहितीपुस्तक आधीच्या लोकांनी कुठे हरवलं ते त्यांनाच ठाऊक.

हा खटका काय करतो ते कळायला आमची अडचण आधी सांगते. आमच्याकडे तीन चॅनेल होते. चॅनेल म्हणजे बोलण्याची एक वाट. एक नंबरवर धरणाचे दरवाजे आणि आमची कंट्रोल रूम, दोन नंबरवर तारांची गस्त घालणारे, तीन नंबरवर तळ्यातली लाँच आणि काठावरचे पाणी मोजणारे चौकीदार. मी एक नंबर ऐकत बसले, तर दोन आणि तीनवर कुणी कितीही ओरडलं तरी मला पत्ता लागत नसे. साहेब नेहमी म्हणत, "एका कानाने तीन दारांशी कसं ऐकायचं, ते सांगा."

तो जादा खटका नेमकं तेच करत होता. तो वर केला की सेट आपला आपण दारोदार फिरायचा. एक, दोन, तीन, पुन्हा एक. जिथे आवाज येईल तिथे थांबायचा आणि बोलणं संपलं की पुढे निघायचा. हल्ली याला स्कॅनिंग म्हणतात आणि कॉम्प्युटरला तार लावून ते करतात. तेव्हा सगळं हातानं. प्रत्येक चॅनेलसाठी नखाएवढ्या पत्र्याच्या डबीतला स्फटिक, म्हणजे क्रिस्टल, बसवायचा, ऐकायला एक आणि बोलायला एक. मग सेटच्या पोटातल्या पट्टीवर त्या चॅनेलच्या भोकात तांदळाच्या दाण्यासारखा एक डायोड डाग देऊन जोडायचा. डायोड असला तर ते दार फेरीत; नसला तर वगळलं.

मी आमचे स्फटिक बसवले, डायोड जोडले, खटका वर केला. सेट फिरायला लागला आणि भलत्याच ठिकाणी जाऊन सुस्कारे टाकत थांबला. पाच नंबरवर! आमच्याकडे पाच नंबर नव्हताच. पुन्हा केलं, पुन्हा पाचवर. साहेब म्हणाले, "तुमच्या सेटला भुताचा आवाज येतोय." भिंग घेऊन बसले तेव्हा कळलं, आधीच्या लोकांचा पाच नंबरचा डायोड पट्टीखाली दडून होता. जुना सेट म्हणजे जुन्या मालकाच्या सवयींसकट घरात आलेला माणूस. बिचारा त्याच्या नेहमीच्या ओट्यावर जाऊन बसत होता. तो डायोड काढला, आणि गाडी रुळावर आली.

मग वेगाची पंचाईत. फेरी फार संथ ठेवली तर तोवर माणूस बोलून मोकळा. जलद ठेवली तर आवाजावर नीट थांबेना. शेवटी मधला वेग साधला आणि सगळ्यांना नियम घालून दिला की 'हॅलो' दोनदा म्हणायचं. पहिलं हॅलो सेटला थांबवायला, दुसरं मला ऐकायला. तरी दुपारी ठरावीक वेळी सेट खरखरत दोन नंबरवर चिकटून बसायचा. त्याचा उगम आमच्यामागच्या चिक्की कारखान्यात निघाला. दाणे पाखडायच्या यंत्राची मोटर ठिणग्या टाकत होती. मी मालकांकडे गेले. ते घाबरून म्हणाले, "बाई, माझ्या चिक्कीत करंट उतरतोय का?" मी मोटरला ठिणग्या गिळणारा एक कंडेन्सर बसवून दिला. खरखर थांबली आणि सबंध वर्षभर आमच्या टेबलावर चिक्कीचा तोटा पडला नाही.

त्या सेटला मी छतावरची एरियल जोडली आणि तो माझ्या टेबलाचा कायमचा सोबती झाला. लक्षात ठेवायची गोष्ट एकच होती: ऐकताना तो आपण होऊन फिरायचा, पण बोलताना चॅनेल निवडायच्या बटणाचा काटा जिथे असेल त्याच चॅनेलवर बोलायचा. म्हणजे हाक तीनवरून आली तर आधी काटा तीनवर न्यायचा, मग उत्तर द्यायचं.

आता धोंडूआबा. तळ्याच्या पार पलीकडे उंबरवाडी म्हणून डोंगरातली वस्ती होती. तिथे जायला लाँचखेरीज धड वाट नाही. धोंडूआबा तिथले चौकीदार. रोज सकाळी पाण्याची पातळी सांगायचे आणि वर एक तरी बातमी द्यायचे. म्हैस व्याली, बिबट्या दिसला, असं काहीतरी. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा खोकला, त्यांच्या कोंबड्याचं आरवणं, त्यांची हिरा नावाची मुलगी मागून हाक मारायची ती, सगळं मला रोजचं झालं होतं.

एका सकाळी माझा सेट तीनवर थांबला आणि हलेचना. आत बरीच माणसं बोलत होती.

"पोरगी लय तिखट हाय, आदीच सांगतो," धोंडूआबांचा आवाज.

"आमचा सोमनाथ गरीब हाय सोभावानं. जमंल," दुसरा कुणी म्हणाला.

माझ्या लक्षात आलं. तळ्याकाठच्या दमट हवेनं फुगलेल्या कातडी पिशवीनं आबांच्या सेटचं बोलायचं बटण दाबून धरलं होतं. हिराला पाहायला पाहुणे आले होते आणि अख्ख्या कंपनीला ते घरबसल्या ऐकू येत होतं. मी त्यांना सांगायचं म्हटलं तरी सांगणार कसं? बटण दाबलेलं असलं की सेट फक्त बोलतो, ऐकत नाही. हे बहिरं बोलणं थांबवायचं तर माणूसच पाठवायला हवा. तीनची वाट तर अडलेली, म्हणून मी शिपायाला धाडून लाँचवाल्या हुसेनभाईंना निरोप दिला. ते हसत हसत निघाले, पण तळं ओलांडायला वेळ लागतोच. तोवर गस्तवाल्यांनीही काटे तीनवर आणले होते, हे मला नंतर कळलं.

मुलाचे मामा बोलत होते. मुलगा कार्ल्याजवळचा, भातशेती आहे, निर्व्यसनी आहे. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"मला बी कायतरी इचारायचंय."

"पोरी, तू गप," आबा म्हणाले.

"न्हाई गप बसायची. त्यांस्नी पवता येतं का?"

मग मामा म्हणाले, "येतं की! न यायला काय झालं?"

"मंग ठीक हाय," हिरा म्हणाली. "पान्याकाठच्या पोरीला बुडनारा नवरा काय कामाचा?"

इनामदार साहेब केव्हा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, मला कळलं नाही. वायरलेसवर फालतू एक शब्द बोललेला त्यांना खपत नसे. मी खटका खाली करायला हात नेला तर ते म्हणाले, "राहू द्या. ठरतंय का बघू."

ठरलं. तोंड गोड करायला गूळ वाटला जात होता, तेवढ्यात हुसेनभाईंचा आवाज आला, "आबा, तुमचं बटण!" आणि सेट फटकन गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पातळी सांगताना आबा इतके लाजले की सेंटिमीटरच विसरले. शेवटी म्हणाले, "बाई, समद्यांनी ऐकलंच हाय, तर समद्यांनी लग्नाला यायचं."

लग्न मे महिन्यात, दुपारचा मुहूर्त. ठरलं असं की हुसेनभाई पहिल्या खेपेला नवरदेव आणि वऱ्हाड पलीकडे सोडणार आणि दुसऱ्या खेपेला काणे गुरुजी, इनामदार साहेब आणि ऑफिसातली मंडळी जाणार. मी जाणार नव्हते. टेबलावर कुणीतरी बसायलाच हवं होतं. नवी साडी मात्र मी नेसून आले होते; कुणाला दाखवायला, ते माझं मलाच ठाऊक नाही.

त्या दिवशी सकाळपासून उकडत होतं आणि अकराच्या सुमाराला एकदम वळवाचा वारा सुटला. मी एक नंबरवर दरवाज्यावाल्यांशी बोलून नुकती थांबले होते. सेट फिरत होता. तो तीनवर अडकला आणि तुटक आवाज आला. "हॅलो, हॅलो... बाई... इंजिन बंद..." आणि खरखर.

मी काटा तीनवर नेला. "हुसेनभाई, सुमन बोलतेय. लाँच बंद पडली?"

उत्तर यायला लागलं आणि मधेच विरून गेलं. त्यांच्या सेटचे सेल उतरले होते. ऐकायला सेलला फारसा त्रास होत नाही. बोलायलाच सगळी ताकद लागते. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर सेट पुरता मेला असता. मी म्हटलं, "हुसेनभाई, आता बोलू नका. मी विचारते. हो असेल तर बटण एकदा टिचकीसारखं दाबा, नाही असेल तर दोनदा. कळलं?"

एकदा टक आवाज आला.

"सगळे सुखरूप?"

टक.

"नांगर लागतोय का?"

टक, टक.

"वारा तुम्हाला उंबरवाडीकडे नेतोय?"

टक. आणि त्याच वेळी धोंडूआबा मधे आले. तेही तीनवर होते. "बाई, मला दिसतीय लाँच! पन वाडीकडं न्हाई, कातळाकडं निघालीया!"

वाडीच्या अलीकडे काळ्या कातळाचा एक सुळका पाण्यात घुसलेला होता. त्यावर लाटा आपटत होत्या. वऱ्हाडात बायका होत्या, पोरं होती. धरणावरची वल्ह्याची होडी त्या वाऱ्यात पोहोचणं शक्य नव्हतं. इनामदार साहेब खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. त्यांनी काही सुचवलं नाही, फक्त म्हणाले, "बोलत राहा."

मी म्हटलं, "आबा, माणसं गोळा करा. सुळक्याच्या अलीकडे जिथे काठ मऊ आहे, तिथे जा. हुसेनभाई, लाँचवर लांब दोर आहे?"

टक.

"आबा, लाँचवर दोर आहे. कुणीतरी तो काठावर घेऊन यायला हवा."

"बाई, आमच्यातलं कोन आता जाऊन पोचायचं? लाटा लय हायेत. त्यांच्यातलंच कोनी..." आबांचा आवाज थांबला. मग ते ओरडले, "उडी मारली! कुनीतरी उडी मारली!"

"कोण?"

"डोक्याला मुंडावळ्या हायेत! नवरदेव हाय!"

आबांनी बटण सोडलं. मी फक्त सेटच्या आवाज येणाऱ्या छोट्या जाळीकडे पाहत बसले, जणू तिच्यातून तळं दिसणार होतं. तीन नंबरवर खरखरसुद्धा नव्हती. मग पुन्हा आबा. "कमरेला दोर बांदलाय. दिसतोय. न्हाई, गेला... आला वर! हिरा पान्यात उतरली, अगं ए हिरे, थांब तितंच! पकडला! पोरीनं हात धरला त्याचा!"

मागे वाडीच्या बायामाणसांचा एकच कल्ला. मग "हेऽऽ ओढा!" अशा लांबच लांब हाका. वाडीतल्या माणसांनी दोर धरून लाँच कातळापासून बाजूला ओढत आणली आणि मऊ चिखलात टेकवली. हुसेनभाईंनी उरलेल्या सेलची पर्वा न करता अख्खं वाक्य बोलून घेतलं, "बाई, सब ठीक है!" आणि त्यांचा सेट पुरता झोपला.

मी डोळे पुसले. साहेबांनी चष्मा पुसला. आबा आता हसत होते, रडत होते, दोन्ही. म्हणाले, "बाई, नवरदेवाला इचारलं, पवायला कवा शिकलास? तर म्हनतो, पोरीनं इचारलं त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं. मामानं थाप मारली व्हती. पोरगा सगळा उनाळा इंद्रायनीच्या डोहात पडून व्हता!"

एवढं झाल्यावर आमच्या ध्यानात आलं की काणे गुरुजी आमच्याच व्हरांड्यात बसलेले आहेत. लाँच पलीकडे बंद, वारा तसाच, मुहूर्त जवळ आलेला. वाडीत मंगलाष्टकं म्हणणारं कुणी नव्हतं. आबा म्हणाले, "बाई, मुहूर्त टळला तर माझी बायकू मला घरात घ्यायची न्हाई."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर पाहत होते. वायरलेसचा परवाना, नियम, शिस्त, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसलं. मग ते म्हणाले, "सेटची चाचणी तशीही घ्यायचीच होती. गुरुजींना आत बोलवा."

गुरुजींनी आधी सेटला नमस्कार केला. मग शंका काढली, "मंगलाष्टकं वाऱ्यावरून चालतील. सप्तपदी चालणार नाही, ती मी उद्या स्वतः येऊन करीन." आबांनी लगेच मान्य केलं. मी स्कॅनिंगचा खटका खाली केला. नाहीतर पलीकडून 'तयार' म्हणायला जरा उशीर होताच सेट दोन नंबरवर तारा पाहायला निघून गेला असता. गस्तवाल्यांना आणि दरवाज्यावाल्यांना सांगितलं की तासभर निकडीचं नसेल तर बोलू नका. ऐकायचं असेल तर तीनवर या. सगळेच आले.

पलीकडे अंतरपाट धरला. आबांनी सेट दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला, असं नंतर कळलं. गुरुजींनी डोळे मिटले आणि त्यांचा तो भारदस्त आवाज तळ्यावरून निघाला. मी त्यांना आधीच समजावलं होतं की म्हणताना बटण दाबून धरायचं आणि 'सावधान' झालं की सोडायचं, म्हणजे आबा त्यांचं बटण दाबतील आणि तिकडचं आपल्याला ऐकू येईल. पहिल्या कडव्याला त्यांनी बरोबर सोडलं. तिकडून अक्षता पडल्याचा सरसर आवाज आला आणि कुणाचं तरी बाळ रडलं. आमच्या शिपायानं डब्यातले कच्चे तांदूळ आणले होते. आम्ही ते सेटवर टाकले. घाटातल्या मनोऱ्याखाली बसलेल्या गस्तवाल्यांनी तांदूळ नव्हते म्हणून करवंदीची पानं उधळली.

शेवटच्या 'शुभमंगल सावधान'ला गुरुजींना इतका आवेश आला की अंगठा बटणावरून निघेना. आमच्या खोलीत एकदम शांतता. मी त्यांचा अंगठा धरून उचलला आणि ताशा, सनई, शिट्ट्या, बायकांचं हसणं, सगळं एकदम त्या तळहाताएवढ्या जाळीतून खोलीत घुसलं. इनामदार साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्या वाजवताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

माझ्या नोकरीत मी अनेक सेट बसवले, मोडले, दुरुस्त केले. आता ते सगळे भंगारात गेले असतील, आणि ते काम करणारं माणूसही आता लागत नाही. एक मात्र मनाला लागून राहिलं होतं, की मी सगळं ऐकते, बघत काहीच नाही. ते त्या लग्नानं थोडं भरून काढलं. दुसऱ्या दिवशी लाँच दुरुस्त झाली आणि साहेब स्वतः माझ्या टेबलावर बसले. "जा तुम्ही," म्हणाले. "हॅलो दोनदा म्हणायचं मला येतं."

गुरुजींबरोबर मी उंबरवाडीला गेले. धोंडूआबा माझ्या कल्पनेपेक्षा खूपच लहानखुरे निघाले. सोमनाथ चिखलानं माखलेला फेटा वाळवून पुन्हा बांधून बसला होता. हिरानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाई, आवाजावरनं तुमी लय उंच वाटला व्हता."

सप्तपदी झाली. जेवणं झाली. मग बायकांनी मला मधे बसवलं आणि म्हणाल्या, "बाई, नाव घ्या." माझे यजमान रेल्वेत. लग्नाला वर्षं झाली होती, पण मी चारचौघांत कधी नाव घेतलं नव्हतं. दिवसभर माइकसमोर बोलणारी मी, तिथे मात्र लाजले. खाली मान घालून कसंबसं म्हटलं,

"तळ्याच्या काठी करवंदीची जाळी,
वसंतरावांचं नाव घेते हिराच्या मांडवाखाली."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आमाला न्हाई ऐकू आलं बया. पुन्यांदा घ्या."

सगळ्या हसल्या. मग मी उठून उभी राहिले, पदर खोचला आणि पुन्हा नाव घेतलं. हुसेनभाई तेव्हा पार खाली धक्क्यावर लाँच धूत होते. ते शेवटपर्यंत सांगायचे की वायरलेसशिवाय, एरियलशिवाय, त्यांना ते तिथे अक्षर न् अक्षर ऐकू गेलं.